काळ्या वेशातला तो तरुण: शोकाचे रूपक की शोक करणारा माणूस?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.ला चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी जेफ्री चॉसर याची 'द बुक ऑफ द डचेस' ही स्वप्नकविता लागली आहे. तिच्यात निवेदकाला स्वप्नात, रानात, काळे कपडे घातलेला एक तरुण भेटतो. त्याची प्रिया गेली आहे आणि तो झुरतो आहे. वर्गातल्या टिपणांत हा तरुण म्हणजे 'मूर्तिमंत शोक' असे लिहून दिले आहे. गाइडमध्ये मात्र 'हा जॉन ऑफ गाँट' एवढे एका ओळीत सांगून विषय संपवला आहे. यातले खरे कोणते? आणि या तरुणाचे विलापगीत निवेदकाने सुरुवातीलाच ऐकले आहे, त्यात 'माझी प्रिया मेली' असे स्पष्ट आहे. मग ही गोष्ट त्याला कवितेच्या शेवटापर्यंत कळत कशी नाही?

मध्ययुगीन इंग्रजी कविता मी बरीच वर्षे शिकवत आले आहे आणि या कवितेवर माझा विशेष जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे मत आधीच सांगून टाकते. टिपणे आणि गाइड दोन्ही अर्धवट आहेत. चॉसरने या तरुणाला शोकाचे रूपक म्हणून उभे केलेले नाही. तो तरुण स्वतःच स्वतःचे रूपक करून घेतो, कारण 'ती मेली' हे साधे वाक्य त्याला समोरच्या माणसाला सांगवत नाही. त्याला त्या रूपकातून हळूहळू बाहेर आणणे, एवढेच या १३३४ ओळींचे काम आहे. निवेदकाच्या प्रश्नांचे कोडेही तिथेच सुटते.

आधी इतिहास, कारण तो पक्का हवा. कवितेच्या नावातली डचेस म्हणजे ब्लांश. ती लँकेस्टरचा ड्यूक हेन्री ऑफ ग्रोसमाँट याची मुलगी. १३५९ मध्ये राजा तिसरा एडवर्ड याचा मुलगा जॉन ऑफ गाँट याच्याशी तिचे लग्न झाले. १३६१ मध्ये तिचे वडील वारले, पाठोपाठ बहीण गेली आणि लँकेस्टरची अफाट मालमत्ता जॉनच्या हाती आली. ब्लांश १२ सप्टेंबर १३६८ रोजी वारली, तेव्हा ती विशीतच होती. जुन्या पुस्तकांत १३६९ हे वर्ष सापडते, ते आता मागे पडले आहे. तुम्ही १३६८ लिहा. चॉसर तेव्हा राजाच्या पदरी एस्क्वायर होता, म्हणजे दरबारातला बऱ्यापैकी खालचा माणूस. त्याची ही पहिली मोठी कविता. पुढे 'लेजंड ऑफ गुड विमेन' या आपल्याच काव्याच्या प्रस्तावनेत आपल्या रचनांची यादी देताना तिचा उल्लेख 'डचेस ब्लांशचा मृत्यू' असा येतो, त्यामुळे कविता कोणासाठी लिहिली याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

जॉनचा शोकही दिखाऊ नव्हता. त्याने पुढे आणखी दोन लग्ने केली हे खरे, पण दरवर्षी १२ सप्टेंबरला ब्लांशच्या स्मरणार्थ प्रार्थना होत राहिली, हेन्री येव्हेल या नामांकित कारागिराकडून लंडनच्या सेंट पॉल्समध्ये अलाबास्टरची समाधी बांधून घेतली गेली, आणि १३९९ मध्ये वारल्यावर त्याला दफन केले तेही तिच्याच शेजारी.

एवढे असूनही 'काळ्या वेशातला तरुण म्हणजे जॉन' हे समीकरण कविता सरळ मांडू देत नाही. तरुणाला नाव नाही. त्याचे वय चोवीस सांगितले आहे. ब्लांश गेली तेव्हा जॉन अठ्ठावीस वर्षांचा होता. नकलाकाराकडून रोमन आकड्यातले एक अक्षर गळले असेल, असे काही अभ्यासक म्हणतात. असेलही. पण कवितेतल्या तरुणाला दाढीही जेमतेम फुटली आहे. जॉन तोपर्यंत लढाया पाहिलेला, मुलाबाळांचा बाप होता. चॉसरने त्याला मुद्दाम लहान केले असे मला वाटते. थेट राजपुत्राच्या डोळ्याला डोळा लावून 'तुमचे दुःख सांगा' म्हणण्याची त्याची पायरी नव्हती. स्वप्नातल्या अनोळखी तरुणाला मात्र तसे विचारता येते.

आता रूपकाकडे. त्या काळी प्रेमावर स्वप्नकविता लिहायची म्हणजे 'रोमान द ला रोझ' या फ्रेंच काव्याच्या सावलीत लिहायची. ग्योम द लोरिसने ते तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू केले आणि पुढे जाँ द माँने प्रचंड वाढवून पुरे केले. त्यात प्रियकर बागेत शिरतो आणि त्याला भेटतात ती माणसे नसतातच. सौंदर्य भेटते, आळस दार उघडतो, विवेकबुद्धी बुरुजावरून उतरून उपदेश करते. शाळेत आपण शिकलेली चेतनगुणोक्ती इथे कथाभर ताणलेली असते. दुःख तर त्या बागेच्या बाहेरच्या भिंतीवर चित्र होऊन रंगलेले आहे. या परंपरेत 'शोक' नावाचे पात्र हवे असते तर चॉसरला ते आयते मिळाले असते.

त्याने काय केले ते पाहा. निवेदक स्वप्नात जागा होतो तो मे महिन्याच्या पहाटे, एका खोलीत. खिडक्यांच्या काचांवर ट्रॉयची कथा आहे आणि भिंतींवर अख्खा 'रोमान द ला रोझ' मूळ संहिता आणि भाष्यासकट रंगवलेला आहे. म्हणजे रूपककथेची सगळी परंपरा खोलीच्या भिंतीवर. निवेदक ती बघतो, बाहेर शिंगाचा आवाज ऐकतो, घोडा काढतो आणि शिकारीच्या मागे मोकळ्या रानात निघून जातो. ही जागा वर्गात बहुधा 'वर्णन' म्हणून ओलांडली जाते. मला ती कवितेची दिशा सांगणारी वाटते. रंगवलेल्या रूपकांमधून उठायचे आणि जिवंत माणूस बसला आहे तिथे जायचे.

तिथे त्याला नेते कोण? एक पिल्लू. शिकारी कुत्र्यांबरोबर आलेले, पण पाठलाग करायला अजून न शिकलेले. हरिण निसटले आहे, शिकार फसली आहे, निवेदक झाडाखाली उभा आहे, आणि हे पिल्लू सरपटत जवळ येते, ओळख असल्यासारखे डोके खाली घालते, कान जुळवून मागे घेते, अंगावरचे केस गुळगुळीत बसवते. धरायला जावे तर पळते. त्याच्या मागे मागे निवेदक फुलांनी भरलेल्या पायवाटेने गर्द झाडीत उतरतो. पिल्लाचा 'अर्थ' शोधून अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे: निष्ठा, सहजप्रेरणा, आणखी काय काय. मला ते पिल्लूच पुरते. दुःखात बुडालेल्या माणसाजवळ उपदेशक घेऊन जात नाही, एक मुके जनावर घेऊन जाते, हे चॉसरला सुचले यातच त्याची जात दिसते.

मग ओक वृक्षाला पाठ टेकून बसलेला तो तरुण. मान खाली घालून तो स्वतःशीच दहा-बारा ओळींचे गाणे म्हणतो, त्याला चाल नाही. आपली प्रिया मेली, मृत्यूने आपल्यालाही का नेले नाही, एवढाच त्याचा आशय. गाणे संपताच त्याच्या अंगातले रक्त घाबरून हृदयाकडे पळते, हृदयाला ऊब द्यायला. चेहरा हिरवट-फिकट पडतो. हे मध्ययुगीन वैद्यकाला धरूनच आहे. मुद्दा असा की 'शोक' नावाच्या कल्पनेला रक्त नसते, या तरुणाला आहे आणि ते कुठून कुठे गेले तेही चॉसर सांगतो. निवेदक त्याच्या पायाशी जाऊन उभा राहतो, नमस्कार करतो. उत्तर नाही. तो तसाच डोक्यावरचे हूड काढून उभा राहतो. बऱ्याच वेळाने तरुणाचे लक्ष जाते आणि तो आधी माफी मागतो, 'मी ऐकले नाही' म्हणतो. दुःखातही त्याची रीत सुटलेली नाही. निवेदक आधी शिकारीच्या गप्पा काढतो, त्या चालत नाहीत, मग म्हणतो की तुम्ही फार दुःखात दिसता, सांगितलेत तर कदाचित मन हलके होईल.

आणि इथे तो तरुण रूपकात शिरतो. माझे हसू रडणे झाले, माझा दिवस रात्र झाला, माझे सुख दुःख झाले, अशी विरोधांची माळ तो लावतो. तिच्या तोंडाशीच ते प्रसिद्ध वाक्य आहे: 'कारण मीच शोक, आणि शोक म्हणजे मी.' तुमच्या टिपणांतला 'मूर्तिमंत शोक' इथूनच आला आहे. पण हे वाक्य कवी बोलत नाही, पात्र बोलते. 'रोमान'मध्ये कवी सांगतो की हा अमुक, हा तमुक. इथे एक जिवंत माणूस स्वतःबद्दल दावा करतो की माझ्यात आता शोकाखेरीज काही उरलेले नाही. असा दावा ऐकल्यावर तो खरा मानायचा की त्या माणसाची काळजी करायची, हे वाचकाला ठरवावे लागते. निवेदक काळजी करतो.

पुढे तरुण दैवाला मूर्त करतो. दैव ही लबाड बाई, एका डोळ्याने हसते, एका डोळ्याने रडते, तोंडाने गोड आणि शेपटीने दंश करणाऱ्या विंचवासारखी. तिने माझ्याशी बुद्धिबळ मांडले, माझा 'फर्स' मारला आणि पटाच्या मधोमध एका प्याद्याने मला मात दिली. फर्स म्हणजे आपल्याकडचा वजीर. इथे आजचे बुद्धिबळ डोक्यात ठेवून वाचले की गडबड होते. आजचा वजीर पटावरचा सर्वांत बलाढ्य मोहरा आहे, पण ती ताकद त्याला पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिळाली. चॉसरच्या काळी तो तिरका एकच घर चालत असे. म्हणून निवेदक चकित होतो. जुन्या कथांतल्या फिलिस, डायडो, सॅमसन यांनी प्रेमापायी जीव घालवले हे ऐकून आहे, पण एका फर्ससाठी कोणी एवढा आक्रोश केल्याचे ऐकलेले नाही, असे तो म्हणतो. त्या काळचा पट समोर आणला की हे बोलणे मूर्खपणाचे राहत नाही. उपमा खरोखरच अपुरी आहे. तरुणाने आपले नुकसान अशा भाषेत सांगितले आहे की ते लहान दिसावे. 'दैवाच्या जागी मी असतो तर मीही तोच मोहरा मारला असता,' असेही तो म्हणतो. हे वाक्य मला फार बोलके वाटते. रूपकात बसले की मृत्यूलाही डावातली चांगली चाल म्हणता येते.

निवेदकाला कळत कसे नाही, या प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद आहे. एक बाजू म्हणते, तो मंद आहे. आठ वर्षे झोप नाही, डोके बधिर, गाणे त्याने ठरीव प्रेमगीत समजून सोडून दिले. दुसरी बाजू १९१५ मध्ये जॉर्ज लायमन किट्रेज या अभ्यासकाने मांडली: त्याला सगळे कळते, पण समोरच्याला बोलते करण्यासाठी तो न कळल्याचे दाखवतो. मी किट्रेजच्या बाजूची आहे, थोडी मुरड घालून. समाचाराला गेलेल्या माणसाला बातमी आधीच ठाऊक असते, तरी तो 'कसे झाले?' असेच विचारतो, आणि घरचे माणूस पहिल्यापासून सांगू लागते. निवेदकाचे विचारणे त्या जातीचे आहे. त्यात नाटक किती आणि भोळेपणा किती, हे वेगळे काढता येत नाही, काढायची गरजही नाही. 'मी ऐकले, तुझी प्रिया मेली' असे त्याने म्हटले असते तर तरुणाला मान डोलावून पुन्हा झाडाला टेकता आले असते.

तरुण मात्र चिडतो. 'तू काय बोलतोस ते तुला कळत नाही, तुला वाटते त्याहून मी जास्त गमावले आहे,' हे वाक्य कवितेत तीनदा येते. पहिल्यांदा ते म्हटल्यावर तो अट घालतो: पूर्ण लक्ष देऊन ऐकशील तर सांगतो. निवेदक शपथ घेतो. इथून रूपकाची पकड सैल होऊ लागते. पहिल्यांदा ती मैत्रिणींच्या घोळक्यात दिसली, सुंदर नाचत होती, गात होती, हसत होती. तिचे केस, तिची नजर, तिचे बोलणे. प्रेमाची परीक्षा म्हणून पुरुषांना प्रशिया, तार्तरी, तुर्कस्तानात पिटाळायचे आणि वाळवंटातून उघड्या डोक्याने फिरून या म्हणायचे, असले खेळ ती कधी खेळली नाही. तिचे नाव व्हाइट, म्हणजे फ्रेंच 'ब्लांश'चेच इंग्रजी. मग त्याची स्वतःची फजिती: तिला सांगायला गेला तेव्हा पाठ केलेले सगळे बोलणे विसरला, मान खाली घातली आणि तोंडातून 'दया कर' एवढेच निघाले. ती नाही म्हणाली. दुसऱ्या वर्षी हो म्हणाली, अंगठी दिली. एवढे सांगताना त्याच्या बोलण्यातली विरोधांची माळ कधीच तुटलेली असते. प्रेमदेवता अधूनमधून येते, पण आता जागा तिची नाही, त्या मुलीची आहे.

या वर्णनाचा मोठा भाग चॉसरने ग्योम द माशो या फ्रेंच कवीच्या एका वादकाव्यातून उचलला आहे. तिथे एक स्त्री आणि एक सरदार भेटतात. तिचा प्रियकर मेला आहे, त्याची प्रेयसी दुसऱ्याकडे गेली आहे. जास्त दुःखी कोण, याचा निवाडा बोहेमियाचा राजा सरदाराच्या बाजूने देतो. सौंदर्याचे ते वर्णन माशोकडे त्या दगाबाज प्रेयसीचे आहे. चॉसरने ते शब्द घेऊन एका एकनिष्ठ, मेलेल्या स्त्रीला दिले. ज्या दरबारात माशो वाचला जात होता तिथे हा बदल ऐकणाऱ्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नसणार.

आणि मग शेवट. निवेदक विचारतो, 'ती आता कुठे आहे?' तरुण दगडासारखा निर्जीव होतो, एकदा पुन्हा तेच वाक्य म्हणतो, आणि मग: 'ती मेली!' 'नाही!' 'हो, शपथेवर सांगतो!' 'हे का तुमचे नुकसान? देवा, किती वाईट झाले!' मूळ ओळी वाचा, त्यांत एकही अलंकार नाही. शिकारही लगेच संपते. सांत्वन म्हणून आणखी एक शब्द येत नाही: स्वर्ग नाही, दैवाचे चक्र नाही, उपदेश नाही. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसच्या ग्रंथात त्याला तुरुंगात तत्त्वज्ञानदेवी येऊन समजावते. इथे समजावणारे कोणीच नाही, कारण चॉसरला काळजी आहे ती वाक्य उच्चारले जाण्याची.

याची तयारी त्याने कवितेच्या आरंभीच करून ठेवली आहे. झोप यावी म्हणून निवेदक रोमन कवी ओव्हिडमधली सेइस राजा आणि अल्सायोनीची गोष्ट वाचतो. सेइस समुद्रात बुडतो, राणी अल्सायोनी जुनो देवीकडे नवस बोलते, आणि स्वप्नात नवऱ्याचे प्रेत तिच्या पलंगाशी उभे राहून सांगते: मी मेलो आहे, तू मला पुन्हा जिवंत पाहणार नाहीस. ओव्हिडमध्ये पुढे दोघांचे पक्षी होतात आणि दरसाल हिवाळ्यात समुद्र त्यांच्यासाठी शांत होतो. चॉसरने तो भाग कापला. त्याची अल्सायोनी तिसऱ्या दिवशी मरते, बस. रूपांतराची सोयच त्याने ठेवली नाही.

जॉन कुठे येतो? त्या संवादानंतर, अगदी शेवटच्या ओळींत. शिकारी राजा घराकडे वळतो तो एका 'लांब किल्ल्या'कडे, पांढऱ्या भिंतींच्या, 'संत जॉनची शपथ', 'श्रीमंत टेकडी'वरच्या. लांब किल्ला ('लाँग कॅसल') म्हणजे लँकेस्टर, पांढरा रंग ब्लांश, जॉन उघड आहे आणि श्रीमंत टेकडी (फ्रेंच 'रिश माँ') म्हणजे रिचमंड, ज्याचा तो १३७२ पर्यंत अर्ल होता. खरी नावे श्लेषात लपवली आहेत, पण ती कुठे ठेवली ते बघा. 'मीच शोक' म्हणणाऱ्याला चॉसर नाव देत नाही. 'ती मेली' म्हटल्यानंतर घर, नाव, पदवी परत येते. गाइडमधले उत्तर म्हणूनच पूर्ण चूक नाही, ते फक्त कवितेच्या आधीच देऊन टाकले आहे.

विरुद्ध मत माहीत असावे म्हणून सांगते. डी. डब्ल्यू. रॉबर्टसन आणि त्यांच्या वळणाचे अभ्यासक या तरुणाला दोषी धरतात: नश्वर सौंदर्यात गुंतलेला, ईश्वराकडे पाठ फिरवलेला आत्मा, त्याचा शोक हेच त्याचे पाप. हे मत हसण्यावारी नेऊ नका, त्यामागे मध्ययुगीन धर्मग्रंथांचा दांडगा अभ्यास आहे. पण कवितेत त्या तरुणाला दोष देणारा एकही आवाज नाही. तसा आवाज ऐकायचा असेल तर त्याच शतकातली 'पर्ल' ही स्वप्नकविता वाचा. तिथे बापाची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी गेली आहे, तो तिला हरवलेला मोती म्हणतो, आणि स्वप्नात ती नदीपलीकडून त्याला धर्मशास्त्र शिकवते, रागावतेसुद्धा. तो ऐकतो, पण शेवटी राहवत नाही, नदीत उडी घेऊ पाहतो आणि जागा होतो. तिथे मेलेली बोलते आणि जिवंत माणूस विद्यार्थी होतो. चॉसरकडे मेलेली गप्प आहे, जिवंत माणूस बोलतो.

सेमिनारसाठी पेपर लिहिणार असाल तर व्याख्यांनी सुरुवात करू नका. मॅक्रोबियस या प्राचीन लेखकाने सांगितलेले स्वप्नांचे पाच प्रकार वगैरे एका परिच्छेदात उरका. गाण्याच्या ४७५ च्या आसपासच्या ओळी, 'मीच शोक' ही ५९७ वी ओळ, ६१८ पासूनचा बुद्धिबळाचा भाग आणि १२९८ ते १३१० हा शेवटचा संवाद, एवढे चार तुकडे समोरासमोर ठेवा आणि प्रत्येकात तरुण 'ती' हा शब्द कसा टाळतो किंवा उच्चारतो ते दाखवा. मूळ मध्य-इंग्रजी मोठ्याने वाचा. ओळी आखूड आहेत, यमक जोडीजोडीने येते, चार दिवसांत जिभेला वळण लागते. किट्रेज आणि रॉबर्टसन त्यानंतर उघडा.